आजी इंदुमती, लेक दमयंती

माझ्या मुलीचं नाव दमयंती आहे. अकरा वर्षांची, सहावीत. कुणी नवीन भेटलं आणि तिनं नाव सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग विचारतो, आजीचं नाव ठेवलं का? नाही म्हटलं की पुढे काय बोलावं ते बऱ्याच जणांना सुचत नाही, "वेगळं आहे" म्हणतात आणि विषय बदलतात. नागपुरात अर्धं बोलणं हिंदीतच चालतं, तर गोकुळपेठेतल्या भाजीवाल्यापासून दाताच्या डॉक्टरांपर्यंत कितीतरी जणांनी विचारलंय, "वो नल-दमयंती वाली?" आणि मला दर वेळी मनापासून बरं वाटतं, की चला, लोकांना गोष्ट अजून आठवते.

आजीचं नाव ठेवलेलं नाही हे खरं, पण आजीमुळे ठेवलंय. ते नीट सांगायचं तर पंचवीस वर्षं मागे जावं लागेल.

माझ्या आईच्या आईचं नाव इंदुमती. जन्म 1938 चा, आर्वीजवळच्या एका खेड्यातला. तिचे वडील तिथल्या शाळेत मास्तर होते, संस्कृत चांगलं होतं म्हणे त्यांचं, आणि गावात सगळ्यांच्या पोरी गंगू, सखू, यशोदा, चंद्रभागा असताना ह्या माणसानं आपल्या मुलीचं नाव इंदुमती ठेवलं. गावानं दोन दिवसांत त्याचं इंदी करून टाकलं. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नवरीचं नवीन नाव लिहायची पद्धत होती तेव्हा, पण आजोबांनी आहे तेच नाव लिहिलं, म्हणून ते टिकलं तरी. टिकलं म्हणजे कागदावर पण धड नाही. रेशनकार्डावर इंदूबाई, मतदारयादीत इंदुबाई, एका दवाखान्याच्या कार्डावर तर इंदिरा. वडिलांनी तिला एवढंच सांगितलेलं की बाई, हे एका राजकन्येचं नाव आहे आणि ती आपल्या इकडचीच होती. आजी आठ-नऊ वर्षांची असताना ते गेले. कुठली राजकन्या, कोणत्या पोथीतली, हे विचारायचं राहूनच गेलं. नंतर घरात सांगणारं कुणी नव्हतं आणि आजीलाही घर, शेत, पाच लेकरं, त्यात कुठे सुचणार.

मी अकरावीत संस्कृत घेतलं ते स्कोरिंग असतं म्हणून, इथे सगळेच घेतात. 2000 साल. आमच्या बाई एक दिवस सिलॅबस बाजूला ठेवून कालिदासाला 'दीपशिखा कालिदास' का म्हणतात ते सांगायला लागल्या. रघुवंशाच्या सहाव्या सर्गात स्वयंवर आहे, विदर्भाची राजकन्या हातात माळ घेऊन एकेका राजासमोरून चाललेली आहे, आणि कालिदास म्हणतो, रात्री राजरस्त्यावरून दिव्याची ज्योत पुढे पुढे सरकत जावी तशी ती चालली होती, ज्योत समोर आली की रस्त्याकडेचा वाडा उजळतो आणि ती पुढे गेली की तोच वाडा काळवंडतो, तसं ती ज्या ज्या राजाला ओलांडून गेली त्याचा चेहरा काळवंडत गेला. बाईंनी फळ्यावर हातानं ती चाल दाखवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, खडूचं बोट सरकवत. मग म्हणाल्या, ह्या राजकन्येचं नाव इंदुमती.

मी तासभर बाकावर नुसती बसून होते. सुटल्यावर सायकल एवढ्या जोरात कधी चालवली नसेल.

डिसेंबर होता. आजी तेव्हा आमच्याकडे राहायला आलेली, गच्चीवर उन्हात बसून ओल्या तुरीच्या शेंगा सोलत होती, सोलेभातासाठी. मी दप्तर न काढता तिला सगळं सांगितलं, दिवा, वाडे, राजे, सगळं. ती शेंग सोलायची थांबली नाही. दाणे परातीत पडत होते, टप टप. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मंग पुढं काय झालं तिचं?"

पुढचं मला माहीत नव्हतं. पुढच्या रविवारी बर्डीला जुन्या पुस्तकांच्या फूटपाथवर शोधून शोधून रघुवंशाचं मराठी भाषांतर आणलं, कव्हर नव्हतं, पहिली काही पानं पण नव्हती, वीस रुपयांना मिळालं. गच्चीवरच बसून आजीला वाचून दाखवायला लागले. इंदुमती अज राजाला वरते, दोघांचा संसार छान चाललेला आहे, दशरथ होतो, म्हणजे रामाची आजी ही, हे कळल्यावर आजीनं कौतुकानं मान डोलावली. आणि मग आठवा सर्ग. ती दोघं बागेत आहेत, वरून आकाशातून नारद चाललेत, त्यांच्या वीणेवरची फुलांची माळ वाऱ्यानं सुटते, खाली इंदुमतीच्या छातीवर पडते आणि ती जाते. फुलांच्या माळेनं. मी वाचता वाचता थांबले, कारण मी पण पहिल्यांदाच वाचत होते आणि मला हे असं होणार हे माहीत नव्हतं, आणि समोर त्या नावाची बाई बसलेली.

"वाच ना, थांबली काऊन," आजी म्हणाली.

मग अजाचा विलाप वाचला. तू माझी गृहिणी होतीस, सल्ला देणारी सचिव होतीस, एकांतातली सखी होतीस, कलांमधली लाडकी शिष्या होतीस, मृत्यूनं तुला नेताना माझं काय काय नेलं नाही सांग. हे वाचताना माझा आवाज गेला. आजीनं पदरानं डोळे पुसले नाहीत, ती तशी बाई नव्हती. म्हणाली, "एवढुशीच होती काय वो ते? आन् मी पाय, बासष्ट वर्षांची होऊन राहिली." मग परातीतले दाणे हातानं सारखे करत, "बाबाजीले हे माहीत असन ना, नाव ठेवलं तवा?"

"असेलच ना आजी, त्यांनी वाचलेलं असणार."

"मंग त्यानं दिव्यासाठीच ठेवलं असन."

एवढं बोलून ती परत शेंगा सोलायला लागली. पण त्यानंतर एक गोष्ट बदलली जी आईनं मला नंतर सांगितली, पोस्टाच्या पासबुकावर ती पहिल्यांदा पूर्ण सही करायला लागली. चौथी शिकलेली होती, अक्षर मोठं मोठं यायचं, आधी 'इंदू' लिहून मोकळी व्हायची. आता पूर्ण इंदुमती, 'दु' ची शेपटी खालच्या ओळीत जायची तरी पूर्ण.

हे मी कधीच विसरले नाही. बासष्ट वर्षं एक बाई एक नाव घेऊन फिरते, आत एवढी मोठी गोष्ट भरलेली आहे आणि तिला उघडून कुणी दाखवलीच नाही. आणि दाखवल्यावर तिनं त्यातलं काय घ्यायचं ते स्वतः ठरवलं, मरण बाजूला ठेवलं आणि दिवा घेतला.

त्यानंतर मला वाचायचा नादच लागला ह्या विषयाचा. आणि वाचता वाचता लक्षात आलं की जुन्या काव्यांत, पुराणांत विदर्भ म्हटलं की मुली. दमयंती विदर्भाची, भीम राजाची मुलगी, कुंडिनपूरची. रुक्मिणी तिथलीच, भीष्मकाची. इंदुमती इथली. अगस्त्यांची बायको लोपामुद्रा विदर्भराजाकडे वाढलेली, आणि ऋग्वेदात तिच्या नावावर सूक्त आहे. कालिदासाच्या नाटकातली मालविका, जी अग्निमित्राच्या महालात दासी म्हणून राहते, नाच शिकते, ती शेवटी विदर्भाची राजकन्या निघते. आणि ह्या सगळ्यांना मिळून एक शब्द, वैदर्भी. दमयंतीलाही महाभारतात वैदर्भी म्हणूनच हाक मारलेली आहे. आणि त्याच नावाची एक लिहिण्याची रीत, वैदर्भी रीती, गोड, सोपी, लांबलचक समास नसलेली, दंडी आणि वामन सारख्या शास्त्रकारांनी जिला सगळ्यात वर ठेवलं आणि कालिदास ज्या रीतीतला सगळ्यात मोठा मानतात. म्हणजे चांगलं लिहिणं कसं असतं हे सांगायला लोक आपल्या भागाचं नाव घ्यायचे! आज टीव्हीवर विदर्भ म्हटलं की पारा किती चढला ते, नाहीतर कपाशी आणि कर्ज. ते खरंच आहे, माझ्या मामांनी ते भोगलंय, त्याबद्दल मी काही वेगळं म्हणत नाही. पण हे दुसरं पण आपलंच आहे आणि ते आपल्या पोरींना सांगायला हवं असं मला फार वाटायचं, अजून वाटतं.

2014 मध्ये मला दिवस गेले होते, सातव्या महिन्यानंतर झोप लागायची नाही, कूलरचा आवाज ऐकत मोबाईलवर नावांबद्दल काही ना काही वाचत पडायची. पुस्तकातल्या पात्रांची नावं जगभर ठेवतात हे तेव्हा कळलं. वेंडी हे नाव 1904 मध्ये पीटर पॅन नाटक येईपर्यंत जवळपास कुणाचं नव्हतं, मग मुलींना सर्रास ठेवायला लागले. व्हेनेसा तर जोनाथन स्विफ्टनं चक्क बनवलंय, एस्थर व्हॅनहोमरी नावाची त्याची मैत्रीण होती, तिच्या आडनावातलं व्हॅन घेतलं, एस्थरचं लाडातलं एस्सा घेतलं आणि कवितेत तिला ते जोडनाव दिलं, कविता 1726 मध्ये छापून आली. एका बाईचं नाव झाकायला बनवलेला शब्द आज हजारो मुलींचं उघड नाव आहे, ही गोष्ट मला रात्री दोन वाजता इतकी आवडली की मी नवऱ्याला उठवून सांगितली.

आपल्याकडे पण काय कमी आहे का. माझ्या शाळेत एकाच वर्गात दोन वृषाली होत्या आणि दोघींच्या आयांनी मृत्युंजय वाचलेलं. शिवाजी सावंतांची ती कादंबरी 1967 ची, तिच्यात कर्ण बोलतो, कुंती बोलते, तशी कर्णाची बायको वृषालीही स्वतः बोलते, एक अख्खा भाग तिचा आहे, आणि मला वाटतं त्या बोलण्यामुळेच बायकांना ती आपली वाटली असणार. माझ्या ऑफिसमधल्या एका मित्रानं मुलाचं नाव कर्ण ठेवलं. त्याच्या वडिलांनी गिरणी बंद पडल्यावर घरी बसून ते पुस्तक चार वेळा वाचलं होतं, नातू झाला तेव्हा त्यांनी दुसरं नाव ऐकूनच घेतलं नाही. लोक म्हणाले, अहो, शापित माणूस तो. ते म्हणाले, शब्द पाळणारा होता. आणि श्याम? साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात बसून श्यामची आई लिहिली, स्वतःचंच बालपण, पण नाव श्याम दिलं. त्यानंतर महाराष्ट्रात जन्मलेल्या किती श्यामांच्या मागे कृष्ण आहे आणि किती जणांच्या मागे पायाला घाण लागू नये म्हणून आईला पदर पसरायला लावणारा तो मुलगा, कोण सांगणार.

तर मला मुलगी झाली, जूनमध्ये, पहिला पाऊस पडून गेलेला. मी नाव सांगितलं आणि घरात शांतता.

सासूबाईंचा विरोध होता, आणि तो मी कधीच हलका मानला नाही, कारण तो प्रेमातून होता. त्या म्हणाल्या, "अगं, केवढा वनवास तिच्या वाट्याला. नवरा जुगारात सगळं हरला, मध्यरात्री जंगलात टाकून गेला. असं नाव लेकराला? सीता नाव ठेवतं का कुणी हल्ली?" नणंद म्हणाली की वहिनी, लहान काहीतरी ठेव ना, दोन अक्षरी, शाळेत सोपं जातं, दमयंतीचं मुलं काय करतील बघ. (ती बरोबर होती, पुढे येतंच.) कियारा, मायरा, आयरा अशी यादी पण तिनं केली होती. ती नावं वाईट आहेत असं मला म्हणायचं नाही, ज्यांनी ठेवली त्यांनी पण जीव लावूनच ठेवली. मला फक्त असं नाव हवं होतं जे उघडलं की आत कुणीतरी भेटेल.

जन्मनावाचं अक्षर 'द' नव्हतंच. तो पण एक मुद्दा झाला. मी म्हटलं जन्मनाव वेगळं असू दे, पत्रिकेत राहू दे.

अकराव्या दिवशी आजी आली, शहात्तर वर्षांची, गुडघे गेलेले, दोघांनी धरून रिक्षातून उतरवलं. बाळाला मांडीवर घेतलं, सगळं ऐकून घेतलं, सासूबाईंचं पण, मध्ये बोलली नाही. मग त्यांनाच म्हणाली, "इहीणबाई, मायं नाव जिचं हाये ना, ते तर माळ पडून मेली, पोरगा लहान असतानी. मी नातीचं लेकरू मांडीवर घेऊन बसली. नाव काई करत नाई माणसाले. माणूसच नावाचं काई करते."

सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पाळण्याला झेंडूच्या माळा त्यांनीच बांधल्या.

बारसं घरीच. पाळण्याखालून वरून बाळाला देता-घेता "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या", घुगऱ्या, पाळणा म्हणणाऱ्या शेजारच्या काकू. नाव आत्यानं ठेवायचं असतं. नणंदेनं वाकून कानात कुर्रर्र केलं आणि मी श्वास धरून उभी, कारण तिच्या मनात असतं तर ती कानात काहीही म्हणू शकली असती, कानातलं नाव कुणाला ऐकू येतं? ती म्हणाली, "दमयंती." सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. मग बायकांनी तिच्या पाठीत बुक्के घातले ते जरा जास्तच जोरात.

पुढचं नाव कागदावर चढवायचं. जन्माची नोंद 21 दिवसांत करावी लागते, नाव नंतर घातलं तरी चालतं, वर्षाच्या आत घातलं तर फी नाही. आम्ही वेळेत अर्ज दिला आणि सर्टिफिकेट आलं त्यावर दयमंती. द-य-मं-ती. कार्यालयातली बाई म्हणाली एवढं काय मॅडम, बोलताना तर सारखंच येतं. सारखं नाही येत! चार चकरा झाल्या, एकदा अर्ज सापडेना, एकदा साहेब सुटीवर, एकदा दुरुस्तीतच वेलांटी ऱ्हस्व पडली. प्रत्येक वेळी पोरीला कडेवर घेऊन जायची. आजीची इंदूबाई, इंदुबाई, इंदिरा मला आठवत होती आणि मी मनाशी ठरवलेलं की हिच्या कागदावर हिचं नाव जसंच्या तसं असेल. झालं शेवटी. ते सर्टिफिकेट मी लॅमिनेट करून ठेवलंय.

आणि मग शाळा. दुसरीत असताना एक दिवस व्हॅनमधून उतरली ती सरळ आत जाऊन पलंगाखाली बसली. खूप वेळानं कळलं की वर्गात पोट्टे तिला दमा म्हणून राहिले. "दमा आली, दमा आली, खोका रे सगळे." आणि सगळे खोकतात. हे ऐकून मला कसं झालं ते सांगता येत नाही. नाव मी ठेवलेलं, माझ्या हौसेनं, माझ्या आजीच्या गोष्टीसाठी, आणि त्याची किंमत सात वर्षांचं लेकरू पलंगाखाली बसून देतंय. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं की बदलायचं का. तो म्हणाला, तिला विचार.

विचारायच्या आधी मी तिला दमयंतीच्या नावाचीच गोष्ट सांगितली, जी मोठ्यांना पण फारशी माहीत नसते. की भीम राजाला मूल होत नव्हतं, त्याच्याकडे दमन नावाचे ऋषी आले, राजा-राणीनं त्यांची सेवा केली, आणि त्यांच्या आशीर्वादानं चार मुलं झाली, एक मुलगी आणि तीन मुलगे. राजानं चौघांची नावं त्या ऋषींच्या नावावरून ठेवली. दमयंती, दम, दांत आणि दमन. म्हणजे दमयंतीचं नाव पण कुणाच्या तरी नावावरूनच आहे, आणि तिच्या सख्ख्या भावाचं नाव खरंच दम होतं. ती पलंगावर उठून बसली. "खरंच दम?" खरंच. "मग तो माझा भाऊ आहे." दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन तिनं काय सांगितलं मला माहीत नाही, पण खोकणं थोड्या दिवसांनी बंद झालं, म्हणजे पोरं कंटाळली असतील, पण तिला वाटतं भावामुळे. नाव बदलायचं मग मी विचारलंच नाही.

पूर्ण गोष्ट तिला नऊ वर्षांची असताना सांगितली. आजी तेव्हा नव्हती, ती 2016 ला गेली. नळ-दमयंतीची गोष्ट वनपर्वात येते, द्यूतात सगळं हरलेला युधिष्ठिर म्हणतो माझ्याहून दुर्दैवी राजा कुणी असेल का, तेव्हा बृहदश्व ऋषी त्याला ही सांगतात. मराठीत रघुनाथ पंडितांनी तीवर आख्यान केलं, आणि आपण येता-जाता म्हणतो ना, 'कठीण समय येता कोण कामास येतो', ती ओळ त्यातलीच, नळानं पकडलेल्या हंसाच्या प्रसंगातली. हे ऐकून लेक खूश झाली, तिची आत्या ती ओळ नेहमी म्हणते, पण आपल्या भाचीच्या आख्यानातली आहे हे तिला कुठे माहीत!

हंस आवडला. स्वयंवर तर फारच. इंद्र, अग्नी, वरुण, यम, चौघेही देव नळाचं रूप घेऊन बसलेत, समोर पाच नळ, हुबेहूब. दमयंती घाबरते, मग बारीक बघते. देवांना घाम येत नाही. त्यांची पापणी लवत नाही. त्यांच्या गळ्यातली फुलं कोमेजत नाहीत, अंगावर धूळ नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत, सावली पडत नाही. आणि एक जण आहे ज्याला घाम आलाय, माळ सुकलीय, धूळ बसलीय, सावली पडलीय. ती त्याच्या गळ्यात माळ घालते. देव सोडून घाम आलेल्या माणसाला निवडते. ह्या जागी माझा आवाज आजही जरा चढतो.

मग जुगार, जंगल, रात्र. दोघांत एकच वस्त्र उरलंय, ती झोपलीय आणि नळ ते अर्धं कापून निघून जातो.

"का?"

त्याला वाटलं आपण सोबत नसलो तर ती माहेरी जाईल, सुखी होईल. कली शिरला होता त्याच्यात.

"पण उठवलं का नाही?"

इथून पुढे गोष्ट मला जशी सांगायची होती तशी राहिलीच नाही. मी तिला सांगितलं की दमयंती रडत बसली नाही, चेदीच्या राजवाड्यात सैरंध्री म्हणून राहिली, मग माहेरी आली आणि तिथून माणसं पाठवली देशोदेशी, एक प्रश्न देऊन, की अर्धं वस्त्र कापून झोपलेल्या बायकोला टाकून गेलास, जुगाऱ्या, कुठे आहेस? अयोध्येत बाहुक नावाच्या सारथ्यानं त्याला उत्तर दिलं तेव्हा तिला शंका आली, मग तिनं खोटं स्वयंवर जाहीर केलं, फक्त अयोध्येच्या राजाला, आणि ते पण उद्याच म्हणून, कारण एका दिवसात एवढा रथ हाकणारा माणूस जगात एकच आहे, नळ. तो आला तरी लगेच गेली नाही. केशिनी नावाच्या दासीला पाठवलं त्याच्यावर नजर ठेवायला. त्यानं शिजवलेलं अन्न मागवून चाखून बघितलं, हाताची चव ओळखायला. मुलांना पाठवलं, तो त्यांना कसा जवळ घेतो ते बघायला. मग भेटली.

"आणि परत घेतलं त्याला?"

हो.

"मी नसतं घेतलं."

मी म्हटलं, एवढी परीक्षा घेतली ना तिनं. ती म्हणाली, "परीक्षेत तो नळ आहे का तेच बघितलं तिनं. परत सोडून जाईल का हे कुठं बघितलं?"

मी चाळीस वर्षांची बाई, ही गोष्ट इतक्यांदा वाचलेली, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मला उत्तर आलं नाही आणि मी ओढून-ताणून दिलं पण नाही. आजीनं मरण बाजूला ठेवून दिवा घेतला होता, ही नळाला बाजूला ठेवून बसली. तिचं नाव आहे, तिनं भांडावं. त्या वर्षी शाळेत 'माझे नाव' असा निबंध होता, त्यात तिनं लिहिलं की माझे नाव दमयंती असून मला तिचे सगळे पटते पण शेवट पटत नाही. बाईंनी खाली लाल पेननं लिहिलं, 'कारण सविस्तर लिही.' तिनं वहीची दोन पानं अजून लिहिली.

यंदा मे महिन्यात तिला कौंडण्यपूरला घेऊन गेलो, वर्धा, आर्वी करत. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागायचा होता पण ऊन तसंच. आजीच्या गावावरून गेलो, मास्तरांची शाळा आता स्लॅबची झालीय. कौंडण्यपूर म्हणजे तेच जुनं कुंडिनपूर मानतात, लोक रुक्मिणीचं माहेर म्हणतात, इथून आषाढीला तिची पालखी पंढरपूरला जाते, सासरी. टेकाडावर देऊळ, खाली वर्धा नदी, पाणी आटत आलेलं, दगड उघडे पडलेले. लेकीला वाटलं होतं दमयंतीचं पण देऊळ असेल. मी म्हटलं तिचं देऊळ नाही. जरा नाराज झाली, मग म्हणाली बरंय, देव नकोच होते तिला.

नदीकडे उतरलो. दुपारचे साडेअकरा, सावल्या पायाशी आलेल्या. ती दगडावर उभी राहून एकदम आमच्याकडे बारीक नजरेनं बघायला लागली, आधी बाबाकडे, मग आत्याकडे, मग माझ्याकडे. जवळ आली. माझ्या कपाळाला बोट लावून घाम बघितला. चप्पल जमिनीला टेकलीय का बघितली. सावली बघितली, आखूड, काळी, दगडावर वाकडी झालेली. "आई, डोळे मिटू नको," म्हणाली आणि माझ्या डोळ्यांसमोर तोंड आणून उभी राहिली. उन्हानं मला एक क्षण पण तसं राहता येईना.

"लवली पापणी," ती म्हणाली, आणि आत्याकडे वळली.